मराठी सिरियल लिहिणाऱ्यांनो, आमच्या मायचं तेर्स कधी दाखवणार? गोव्यातून एक खुलं पत्र

मराठी सिरियल लिहिणाऱ्या, डिरेक्ट करणाऱ्या आणि चॅनेलवर बसून त्या पास करणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार.

मी गोव्यातून लिहितेय. बार्देशात, शिवोलीजवळ आमचं घर. घरात कोंकणी बोलतो, पण वाचणं, भजन, नाटक आणि संध्याकाळची सिरियल हे सगळं मराठीत, माझ्या आज्जीपासून असंच चालत आलंय. तेव्हा मी लांबून दगड मारणारी बाई नाही, तुमच्या सिरियल बघत बघत मी मोठी झालेय, माझ्या आईला स्वयंपाकघरातून नुसत्या टायटल साँगवरून कुठली सिरियल लागली ते कळतं. म्हणून हे हक्कानं लिहितेय.

आमच्या शेजारी माय राहते. वाड्यावर सगळेच तिला माय म्हणतात, हिंदू पण आणि ख्रिश्चन पण. वय सत्तरीच्या पुढे. नवरा बोटीवर होता, तो गेला, लेक इंग्लंडात स्विंडनला, मुलगा दुबईत. संध्याकाळी सातला इगर्जेची, म्हणजे चर्चची, घंटा झाली की माय जिथं असेल तिथं उभी राहते, हातातलं काम थांबवते, कपाळाला खुरीस म्हणजे क्रॉसची खूण करते, मग आत जाऊन आल्तारासमोर, म्हणजे तिच्या देव्हाऱ्यासमोर, मेणबत्ती लावते आणि तेर्स म्हणते. तेर्स म्हणजे रोझरी, माळेचे मणी मोजत म्हणायची प्रार्थना. ते आटपलं की चपला घालून आमच्याकडे येते, आईच्या बाजूच्या खुर्चीवर बसते आणि दोघी मिळून सिरियल बघतात. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील याला. माय चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेली, बाकीचं मराठी ती तुमच्याकडून शिकली. मंगळागौरीला काय खेळतात, वटपौर्णिमेला वडाला किती फेऱ्या, हरतालिकेला वाळूची पिंडी का करतात, मायला सगळं ठाऊक. माझ्या वहिनीच्या डोहाळजेवणाला ओटीत काय घालायचं राहिलं ते मायनं सांगितलं होतं, आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

आणि इतक्या वर्षांत तुमच्या सिरियलमधून पुण्याच्या, नाशिकच्या, साताऱ्याच्या माणसाला मायबद्दल काय कळलं? मला हेच विचारायचंय.

मागे एका सिरियलमध्ये हिरो-हिरॉइन गोव्याला येतात असा ट्रॅक होता. सिरियलचं नाव घेत नाही, कारण हे एकट्या तिचं नाही, नावं घ्यायला लागले तर पत्र संपायचं नाही. तर त्यात ते ज्या घरात उतरतात त्याचा मालक, फुलाफुलांचा शर्ट, गळ्यात हातभर क्रॉस, हातात बाटली, पुरुष असून 'मी येते, मी जाते' बोलणारा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅन', आणि दर दोन मिनिटांनी 'ओ जीझस'. आई हसली, मी पण हसले, खोटं कशाला सांगू. माय हसली नाही. ब्रेक लागला तेव्हा हळूच म्हणाली, "आमी तांकां अशींच दिसतांव गो?" आम्ही त्यांना असेच दिसतो का गं? मला काही बोलताच आलं नाही. आईनं रिमोट घेऊन आवाज कमी केला, उगाच. त्यानंतर तीन-चार दिवस माय आली नाही, गुडघा दुखतोय म्हणाली.

दारू पिणारा ख्रिश्चन दाखवलात म्हणून मी भांडत नाहीय. दारू पिणारी माणसं सगळीकडे आहेत, आमच्या घरात पण होती. माझं भांडण वेगळं आहे. तुमच्या सिरियलमध्ये हिंदू घरातली माणसं देवावर विश्वास ठेवतात आणि त्या विश्वासानं काहीतरी घडतं. सून देवीसमोर दिवा लावून निर्णय घेते, सासू नवस बोलते आणि तो फेडायला जाताना कथा वळते, दादा वारीला जातो आणि बदलून येतो. श्रद्धा कथा पुढं ढकलते. ख्रिश्चन पात्राची श्रद्धा मात्र गळ्यात लटकते, भिंतीवर टांगलेली असते, नाताळच्या एपिसोडला केक घेऊन येते आणि जाते. त्याचा देव त्याला कधी अडवत नाही, कधी झोपेतून उठवत नाही, कधी क्षमा करायला लावत नाही. त्याला प्रार्थना करताना तुम्ही दाखवता ते फक्त हॉस्पिटलच्या सीनमध्ये, तेसुद्धा हिरोसाठी, मागे पियानो वाजत असताना.

आता मी तुम्हाला आमच्या वाड्यावरची एक गोष्ट सांगते, तुम्हीच ठरवा यात सिरियल आहे की नाही.

आमच्याकडे सायबीण घरोघर फिरते. सायबीण म्हणजे मारियामाता, तिची मूर्ती. आज तुमच्या घरी, उद्या शेजारच्या, परवा त्याच्या पुढच्या. ज्या घरी ती येते त्या घरी त्या संध्याकाळी सगळा वाडा जमतो, तेर्स होतं, गाणी म्हणतात, चणे वाटतात, काहीतरी गोड असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरची माणसं मेणबत्त्या घेऊन, गात गात, सायबिणीला पुढच्या घरी स्वतः पोचवतात. पोचवायचंच असतं, आमचं त्यांच्याशी पटत नाही म्हणून आम्ही एक घर सोडून जातो असं नसतं. घरं ओळीनं असतात ना.

आमच्या वाड्यावर दोन भाऊ आहेत, एकाच जुन्या घराचे दोन भाग करून राहणारे. मध्ये भिंत घातलीय, बलकांवचे, म्हणजे पुढच्या ओसरीचे, पण दोन तुकडे केलेत. घराच्या वाटणीवरून केस चालू आहे, किती वर्षं ते त्यांनाच ठाऊक. बोलणं बंद, पोरांचं पण बंद, एकाकडे लग्न झालं तेव्हा दुसऱ्याचं दार दिवसभर लागलेलं होतं. आणि सायबीण थोरल्याकडून धाकट्याकडे जायची होती. सगळ्या वाड्याचं लक्ष तिकडे, हिंदूंचं पण, आम्ही पण गेटवर उभे. मला वाटलेलं थोरला बायकोला पाठवेल, किंवा कुणातरी पोराच्या हातात देईल. तो स्वतः आला. धुतलेला पांढरा शर्ट घालून, मूर्ती छातीशी धरून, त्याच्या गेटमधून बाहेर पडला, दहा पावलं रस्त्यावरून चालला आणि भावाच्या गेटमधून आत गेला. कित्येक वर्षांत त्यानं त्या गेटला हात लावला नव्हता. धाकटा पायरीवर उभा होता. एकानं दिली, दुसऱ्यानं घेतली, आणि देता-घेताना दोघांचे हात क्षणभर त्या मूर्तीवर एकत्र राहिले, कारण ती जड असते, पटकन सोडता येत नाही. बोलले काहीच नाहीत. पण थोरला तसाच परत गेला नाही, तेर्स होईपर्यंत मागे भिंतीला टेकून उभा राहिला, धाकट्याच्या बायकोनं चणे दिले ते घेतले, खाल्ले आणि मग गेला.

केस अजून चालू आहे. भिंत पण तशीच आहे. पण धाकट्याची सून सांगते की आता पाऊस जोरात आला की थोरला पलीकडून ओरडून विचारतो, कौलं गळतात काय रे.

मला सांगा, हे लिहायला तुम्हाला किती एपिसोड लागतील? महिनाभर चालेल हे, आणि यात कुणाला विष घालायला नको, कुणाची मेमरी जायला नको. आणि ही गोष्ट त्या घरातल्या श्रद्धेशिवाय घडूच शकत नाही, ती काढली तर दोन भाऊ आपापल्या भिंतीमागे बसून राहतील. श्रद्धेनं कथा पुढं ढकलणं म्हणते ते हे.

गोवा म्हटला की तुम्हाला सण नको असतात असं नाही, सण तुम्ही उचलता, पण त्यातला देव काढून उचलता. सांजांवचंच बघा, 24 जूनचं. डोक्यावर फुलांचं कोपेल म्हणजे मुकुट, ढोल, पोरं विहिरीत उड्या मारतायत, टीव्हीवर किती सुंदर दिसतं. बातम्यांत पण दिसतं, सिरियलमध्ये पण एकदा बघितलं, तिथं तर ते पूल पार्टी करून टाकलेलं. उडी का मारतात ते कुणी सांगत नाही. मारिया गरोदर असताना तिची नातलग एलिझाबेथ, ती पण म्हातारपणी गरोदर राहिलेली, तिला भेटायला डोंगराळ मुलखात जाते, आणि मारियेचा आवाज ऐकताच एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं. ते बाळ म्हणजे जुआंव, संत जॉन बाप्तिस्ट. त्या उडीची आठवण म्हणून आमच्या विहिरीत उडी. दोन गरोदर बायका एकमेकींना भेटतात आणि पोटातलं पोर हलतं! माहेर, बाळंतपण, जावा-जावा यांच्यावर वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या तुम्हाला हे सापडू नये याचं मला फार वाईट वाटतं. नव्या जावयाला सासरी बोलावून फळं, भेटी देतात त्या दिवशी, म्हणजे आपला धोंड्याचा महिनाच की.

कार्निव्हल तसंच. ते तीन-चार दिवस नाचतात कारण पुढं बुधवारी कपाळाला राख लावून चाळीस दिवसांचा उपास सुरू होणार असतो. तुम्ही नाच दाखवता, राख नाही दाखवत.

आता चुका. प्रत्येक चूक सांगत बसत नाही, दोन सांगते ज्यांच्यामुळे चांगली कथा हातातून गेली.

एका सिरियलमध्ये खलनायिका फादरकडे कन्फेशन करते आणि फादर सरळ जाऊन पोलिसांना सांगतो. असं होत नाही हो. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही सांगू शकत नाही, पोलिसांना नाही, बिशपला नाही, मेलेल्याच्या आईला नाही. मुद्दाम फोडलं तर चर्चच्या कायद्याप्रमाणे तो आपोआप बहिष्कृत होतो. म्हणजे खून कुणी केला हे एका माणसाला ठाऊक आहे आणि तो रोज सकाळी त्याच गावात, त्याच माणसांसमोर मीस, म्हणजे इगर्जेतली पूजा, म्हणतो, खुनी पुढच्या बाकावर बसलेला असतो, निरपराध पोरगा कोठडीत असतो, आणि याला तोंड उघडता येत नाही. तुमच्या लेखकानं एका सीनमध्ये ते सगळं सोडवून टाकलं.

दुसरं लग्नाचं. तुमच्याकडे ख्रिश्चन लग्न म्हणजे आज ठरलं, उद्या पांढरा गाऊन, 'आय डू', टाळ्या. अहो, लग्न ठरलं की इगर्जेत सहसा तीन रविवार नावं वाचतात, प्रेगांव म्हणतात त्याला, सगळ्या गावासमोर, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगा म्हणून. तीन रविवार! तुमच्या भाषेत तीन आठवड्यांचा सस्पेन्स देवानं आयता दिलाय. मग मामाच्या घरी चुडो भरतात, काकणवाला येतो, हिरव्या-पिवळ्या काकणांनी हात भरतात, आणि नवरा गेला तर हाच चुडा त्याच्या पेटीवर फोडतात. मायनं फोडला होता, मी लहान होते, तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग रोस असतो, नारळाचा रस काढून नवरीला लावतात, आपली हळदच. पांढऱ्या गाऊनच्या आधी आणि नंतर इतकं सगळं आहे, त्यात लाल साडो म्हणजे नवरीचा लाल पोशाख पण आहे, आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही आईला ते बघताना स्वतःचं लग्न आठवेल.

मला ठाऊक आहे की हे वाचून आपल्यातलेच काही लोक म्हणतील, तुला त्यांचा एवढा पुळका का, त्यांनी देवळं मोडली ते विसरलीस काय. नाही विसरले. आमचं कुळदैवत पण नदीपलीकडे अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, न्यावं लागलेलं, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 पासून 1812 पर्यंत गोव्यात होतं, हे आमच्या घरातल्या पोरांना पण सांगितलं जातं आणि सांगायलाच पाहिजे. पण ते मायनं केलं नाही. मायच्या पूर्वजांचं पण त्यात काय काय गेलं ते कुणी लिहून ठेवलं नाही. आणि त्यानंतर इतकी वर्षं ही माणसं आणि आम्ही शेजारी राहिलो, एकमेकांच्या देवाला ओळखत राहिलो. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, सात बहिणींतली एक, असं आमच्याकडे मानतात. ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी सोमवारी तिचं फेस्त म्हणजे जत्रा असते, त्या दिवशी म्हापशाला जाऊन बघा, तेल घेऊन लायनीत उभ्या असलेल्या बायकांत कुंकू लावलेल्या किती आहेत ते. माझी आई दरवर्षी जाते. मायला घेऊन जाते म्हणते, पण आता मायचे गुडघे गेले तरी आई जातेच.

आणि हे मराठीत कसं आणायचं, प्रेक्षकाला कळेल का, भाषा जड होईल, असं कुणी म्हणत असेल तर मला खरंच आश्चर्य वाटतं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला, दक्षिणेकडच्या साश्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि जवळजवळ 11 हजार ओव्यांत त्यानं येशूची कथा लिहिली, ती मराठीत. 1616 साली साश्टीतल्याच रायतूरला ते क्रिस्तपुराण छापलं, देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं, पण ओव्या मराठी. एवढंच नाही, त्यात त्यानं मराठी भाषेची जी स्तुती केलीय ती आज तुमच्याच चॅनेलवर मराठी भाषा दिनाला ऐकवतात. ती ओवी तुम्हाला चालते. ती ज्या श्रद्धेतून आली ती मात्र संध्याकाळच्या सिरियलमध्ये आणायला आपण लाजतो, हे मला कळत नाही. आणि गोवा लांब वाटत असेल तर वसई जवळ आहे, तिथले कॅथलिक घरात मराठी बोली बोलतात, तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, बायबल त्यांनी इतक्या सोप्या मराठीत आणलं की त्याला साहित्य अकादमी मिळाली. मराठी ख्रिश्चन माणूस 'मी जाते मॅन' असं बोलत नाही हे समजायला आणखी काय पाहिजे?

टीआरपीचं म्हणाल तर, अमेरिकेत 1950 च्या दशकात फुल्टन शीन नावाचे बिशप टीव्हीवर फळ्यावर खडूनं लिहून नुसतं बोलायचे, रात्रीच्या ऐन वेळेला, आणि लोक बघायचे, त्यांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. इटलीत 2000 सालापासून 'डॉन मात्तेओ' म्हणून एक सिरियल चालली, सायकलवरून फिरणारा पाद्री गुन्हे सोडवतो. माय लेकीकडे स्विंडनला गेली होती तेव्हा दुपारी बीबीसीवर 'फादर ब्राउन' बघायची, तो पण खेडेगावातला पाद्री, 1950 च्या सुमाराचा, खुनी शोधतो. इंग्रजी तिला नीट कळायचं नाही. परत आल्यावर मला म्हणाली की त्यात सगळ्यात चांगलं काय तर तो खुनी पकडला गेल्यावर पण त्याला सोडत नाही, त्याच्या आत्म्याची काळजी करतो. भाषा न कळता तिला एवढं कळलं, कारण लिहिणाऱ्यानं पाद्र्याला नुसता झगा दिला नव्हता, मन दिलं होतं.

अजून एक सांगते, हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. 2020 च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊन होतं, इगर्जी बंद, ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा, आणि मायच्या आयुष्यात पहिल्यांदा ती इगर्जेत जाऊ शकत नव्हती. मी त्यांच्या गेटवर दूध ठेवायला गेले, खिडकी उघडी होती. मायनं टीव्हीवर पांढरा धुतलेला कपडा घातला होता, इस्त्री केलेला, दोन बाजूला दोन मेणबत्त्या, फुलं, आणि टीव्हीवर मीस चालू होतं. ती एकटी हॉलमध्ये चांगला ड्रेस घालून, केस नीट बांधून उभी होती. पाद्री गुडघ्यावर बसा म्हणाले तेव्हा ती टीव्हीसमोर फरशीवर गुडघ्यावर बसली, खुर्चीला धरून धरून बसली. मी दूध ठेवून तशीच मागे फिरले. नंतर एकदा विचारलं तर म्हणाली, टीव्हीची पण सांतीण आहे गो. सांतीण म्हणजे संत बाई. मला वाटलं गंमत करते. पण खरं आहे, असिसीची संत क्लारा, ती आजारी होती, नाताळच्या रात्री इगर्जेत जाऊ शकली नाही, तेव्हा तिला खोलीच्या भिंतीवर मीस दिसलं आणि ऐकू आलं, असं मानतात. म्हणून पोप बारावे पायस यांनी तिला 1958 मध्ये टेलिव्हिजनची सांतीण ठरवलं. ती तेराव्या शतकातली बाई.

म्हणजे ज्या डब्यातून तुम्ही आमच्या घरात येता त्याला मायनं आल्तार केलेलं आहे. आणि त्याच डब्यातून तिला तो फुलाफुलांच्या शर्टातला माणूस दाखवला गेला.

दुसऱ्या वर्षी, 2021 च्या एप्रिलमध्ये, महाराष्ट्रात शूटिंग बंद झालं तेव्हा तुमच्यातले बरेच जण गोव्यात आलात, पुढच्या महिन्यात इथली परमिशन पण गेली तो भाग वेगळा. आम्हाला केवढा आनंद झालेला. ज्यांना रोज बघतो ती माणसं आपल्या गावाच्या बाजूला शूट करतायत! आई म्हणायची आता तरी इथलं काहीतरी येईल. आलं काय, तर रिसॉर्टचा हॉल, स्विमिंग पूल, आणि पांढऱ्या इगर्जेसमोरून हिरॉइन स्लो मोशनमध्ये चालतेय. ती इगर्ज पण मागून, दार बंद असलेली. आत कुणी गेलंच नाही. गोव्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर चार माणसांत एक ख्रिश्चन, तुम्ही इतके दिवस इथं राहिलात, तुमच्या जेवणाचे डबे कदाचित त्यांच्यातल्याच कुणीतरी केले असतील.

मी मागतेय ते फार मोठं नाही. नवी सिरियल काढा असं पण म्हणत नाही. जी चालू आहे तिच्यातल्या एखाद्या शेजारणीला, शाळेतल्या मैत्रिणीला, नर्सला, संध्याकाळी सातला दोन मिनिटं थांबू द्या. तेर्स संपल्यावर घरातली पोरं मोठ्यांकडे बेसांव मागतात, हात जोडून, आशीर्वाद द्या म्हणून, आणि म्हातारी माणसं पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतात. दिवेलागणीला शुभंकरोति म्हणून आपण आजी-आजोबांच्या पाया पडायचो, अगदी तसंच. तुमच्या कुठल्या सिरियलमध्ये दोन घरं शेजारी असतील तर एका खिडकीत शुभंकरोति आणि दुसऱ्या खिडकीत बेसांव, एवढा एक शॉट घ्या. आणि त्या दुसऱ्या घरातल्या माणसाला देवामुळे एखादा निर्णय घेऊ द्या, चुकीचा घेतला तरी चालेल, पण घेऊ द्या. तो क्षमा करू शकला नाही असं दाखवा, नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली तरी मुलगा वाचला नाही असं दाखवा, फादरशी भांडला असं दाखवा. आम्ही त्यांना संत करा म्हणत नाही.

आणि सीन लिहिल्यावर शूटच्या आधी एकदा कुठल्याही कॅथलिक माणसाला वाचून दाखवा, जवळच्या चर्चमधल्या फादरना दाखवा, ते नाही म्हणणार नाहीत. पैठणीचा काठ बरोबर यावा म्हणून तुमची कॉस्च्यूमची माणसं किती खटपट करतात ते मी मुलाखतींत ऐकलंय. तेवढीच खटपट इथं करा. फादरचा झगा आमच्याकडे पांढरा असतो, काळा नाही. रोझरी गळ्यात हार म्हणून घालत नाहीत, ती हातात असते, तिचे मणी झिजतात. मायच्या रोझरीचे मणी इतके झिजलेत की त्यांचा मूळ रंग काय होता तो आता तिलाही आठवत नाही.

सायबीण आमच्या वाड्यावर परत येईल तेव्हा तुमच्यातलं कुणीतरी या. आमच्याकडे उतरा, जेवायला आईच्या हातचं मिळेल. मी तुम्हाला त्या दोन भावांच्या गेटवर नेऊन उभं करते.

तुमचीच एक रोजची प्रेक्षक,
बार्देश, गोवा

ता.क. गुड फ्रायडेच्या एपिसोडमध्ये कुणाला 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणायला लावू नका. मागे एकदा म्हणायला लावलं होतं, फुगे बांधून, केक कापून. तो त्यांच्या देवाच्या मरणाचा दिवस असतो, त्या दिवशी इगर्जेत मीस पण होत नाही, घंटा वाजत नाही, तिच्या जागी लाकडाची खटखट वाजवतात. माय त्या दिवशी सकाळपासून उपाशी होती, दुपारी फक्त पेज प्यायलेली. एपिसोड बघून काही बोलली नाही, फक्त आईला म्हणाली, आज टीव्ही बंद करूया गो.